धाकू आणि सहा काटे

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा गडी होता. ‘जरा कान दे’ म्हटलं, तर कान धरून पुढे करणारा. गावातल्या बर्फाच्या कारखान्यात तो कामाला लागला. कारखाना चालायचा एका अवाढव्य डिझेल इंजिनावर, आणि इंजिन चालायचं दाऊद मिस्त्रीच्या धाकावर.

मिस्त्रीने समजावलं, “हे सहा सिलिंडर. प्रत्येकाच्या धुराच्या नळीवर हा तापमानाचा काटा. धूर गार, म्हणजे तो सिलिंडर कामचुकार. असा कुणी गार सापडला की मला ओरडून सांग.”

“सांगतो,” धाकू म्हणाला.

दुपारी तो कारखान्याच्या मालकाला, शेटना, चहा द्यायला गेला. शेट पंख्याखाली डुलक्या घेत होते, समोर गिऱ्हाइकं ताटकळत होती. कप देताना हाताला हात लागला. गारेगार! धाकू दारात येऊन बोंबलला, “मिस्त्री! शेट कामचुकार आहेत!”

गिऱ्हाइकांपैकी कुणी ‘नाही’ म्हणालं नाही.

मिस्त्रीने कपाळ बडवून घेतलं. “अरे, माणसं कसली चाचपतोस! काट्यावर नजर ठेव. काही झालं तरी नजर हलवायची नाही.”

दुसऱ्या दिवशी धाकूने जेवणाचा डबा उघडला. डब्यात बांगडा. बांगड्यात काटा. धाकूने नजर ठेवली. मांजर आली, बांगडा खाऊन, मिशा पुसून निघून गेली. तिकडे इंजिन धापा टाकायला लागलं, नळीतून काळा धूर सुटला. मिस्त्री धावत आला, इंजिनावरचं ओझं कमी केलं आणि ओरडला, “नजर कुठे होती तुझी?”

“काट्यावर! मांजरीने सगळं नेलं, पण काट्याला तोंड लावू दिलं नाही मी.”

“बाबा रे, काळा धूर आला म्हणजे ओझं झेपत नाही. मग बाकी सगळं सोड, आधी ओझं उतरव!”

हे धाकूला फार पटलं. पुढे एकदा बर्फाच्या लाद्या भरलेला ट्रक फाटकाबाहेरचा चढ चढत होता. मागून भसाभसा काळा धूर. धाकू ट्रकला आडवा झाला. ड्रायव्हर शेटना बोलवायला धावला. ते दोघं येईपर्यंत धाकूने सगळ्या लाद्या भर उन्हात उतरवल्या होत्या, आणि त्यांचे ओहोळ थेट खाडीला मिळाले होते.

“आणखी एक घोटाळा, की हा घरी!” शेट गरजले.

धाकूचे डोळे भरून आले. बिचारा राबत तर मनापासून होता. मिस्त्रीला दया आली. “रडू नकोस. एवढंच ध्यानात ठेव. एक गरम आणि शेजारचा गार, म्हणजे बिघाड. सगळे सारखे तापले पाहिजेत.”

एवढं सांगून मिस्त्री दाढ काढायला तालुक्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छीमारांच्या होड्या बर्फ न्यायला येणार होत्या. आता सगळा भार धाकूवर.

धाकूने काटे पाहिले. सहाही सारखे. तो खूश झाला. मग त्याने इंजिनाच्या खोलीच्या भिंतीला हात लावला. गरम. शेजारच्या, लाद्या ठेवायच्या खोलीच्या भिंतीला लावला. बापरे! हाडं गोठवणारी गार!

एक गरम, शेजारचा गार. म्हणजे बिघाड! पण या वेळी तो कुणाला हाक मारत बसला नाही. मधलं भुसा भरलेलं जाड दार त्याने उचकटून काढलं. धुराच्या नळीला जुना पत्र्याचा पाईप जोडला आणि त्याचं तोंड थेट पलीकडच्या खोलीत सोडलं. भिंत ऊबदार झाली, तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

सकाळी धक्क्यावर होड्या लागल्या. शेट आले. आत पाऊल टाकताच पायातल्या चपला पाण्यावर तरंगायला लागल्या.

“धाक्या! बर्फ कुठाय?”

“बर्फ?” धाकू अभिमानाने हसला. “शेट, तोच तर बिघाड होता. काढला मी!”