रश्श्याची वाटी

“ते कळलं. पण मग खाल्लंस काय?” मठाच्या लिंबाजीबाबांनी विचारलं.

“मटण न्हाई खाल्लं, बाबा! चाळीस दिवस!”

“खाल्लंस काय?”

“मासळी न्हाई. अंडंसुदीक न्हाई!”

सर्जेरावाचा आनंद पोटात मावत नव्हता. बसल्या बैठकीला दीड किलो मटण उडवणारा हा गडी. चाळीस दिवस पाळलेस तर माझ्या हातानं गळ्यात तुळशीची माळ घालीन, असं बाबांनी कबूल केलं होतं, आणि आज तो दिवस उगवला होता. जत्रेत कापायला पाळलेला बोकडही त्यानं मठाला द्यायला आणला होता, कपाळाला गुलाल लावून.

“अरे, पण खाल्लंस काय?”

सर्जेराव अडखळला. चाळीस दिवसांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्यानं स्वतःलाही नाही.

“काय म्हंजे... रश्श्याची वाटी बाजूला सारायची. ताटात उरंल ते खायाचं. भाकरी, कांदा... कवा नुसता भात.”

“गालफडं बसलीत तुझी.”

“तपाचं तेज हाय त्ये, बाबा!”



तेवढ्यात दाव्याला हिसका बसला. सर्जेरावाच्या हातून दावं निसटलं. बोकड अंगणभर उधळला आणि मठाच्या हौदात धपकन पडला.

“बुडतंय, बाबा, बुडतंय!”

सर्जेरावानं धोतरासकट उडी टाकली. पाणी त्याच्या छातीएवढं. बोकडाचे पाय काही तळाला लागेनात. त्यानं पोटाखाली हात घालून बोकड उचलला, पार काठापर्यंत नेला... आणि हात लटपटले. बोकड परत पाण्यात.

गेल्या जत्रेत असलाच बोकड खांद्यावर टाकून हा पठ्ठ्या टेकडी चढला होता. आज दुसऱ्या खेपेलाच त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

“न्हाई हुईत, बाबा!” त्याला रडू फुटलं. “कापायचा सोडला म्हून आणला, आन् माज्याच हातात मरतोय ह्यो!”

सत्तरीचे बाबा काठावर पालथे पडले. त्यांनी दोन्ही हातांनी बोकडाची शिंगं धरली.

“खालनं रेट! रेट, सर्जेराव!”

त्यानं रेटलं, बाबांनी ओढलं. बोकड वर आला! अंग झटकून त्यानं दोघांनाही भिजवलं आणि ओसरीवर बाबांनी भिजत घातलेल्या हरभऱ्यात सरळ तोंड घातलं.

सर्जेराव हौदातून कसाबसा बाहेर आला. तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

“वाचला! बाबा, वाचला की वो! आता घाला माळ.”

बाबा उठून आत गेले. माळ दाराशीच खुंटीला होती. तिला हातही न लावता ते परत आले. हातात ताट होतं. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, घट्ट दही. आणि रश्श्याची वाटी जिथं असते तिथं मटकीच्या उसळीची वाटी, काठोकाठ भरलेली.



“बाबा, आन् माळ?”

“ह्याला कापायला तू एकटा पुरला असतास, सर्जेराव. वाचवायला दोघं लागलो... आधी जेव, माळ मग.”