भर पावसातलं पेव

फार मागची गोष्ट. तेव्हा रुपया जन्मला नव्हता, सगळा व्यवहार ज्वारीवर चाले.

माळावरच्या एका गावात सर्वांचं मिळून एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, वरून लिंपून बंद केलेलं धान्याचं कोठार. सुगीत प्रत्येक घर ऐपतीप्रमाणे त्यात ज्वारी ओती. अडल्यानडल्याला त्यातून मिळे आणि पुढच्या सुगीला तो ती थोडी वाढवून परत करी. राखणीला एक बाई होती. तिला सगळे आत्या म्हणत आणि जरा वचकूनही असत. तिचा नियम एकच, पावसाळ्यात पेव उघडायचं नाही.

नदीपलीकडच्या बाजारात सुपारीच्या एका बागेचे वाटे विकत मिळत. वाटा घ्यावा, दरवर्षी वाट्याची सुपारी न्यावी, इतका साधा मामला. पण भाव चढू लागला तशी सुपारी कुणाला आठवेना. गावातल्या एका कोष्ट्यानं तर खायची ज्वारीही वाट्यांत घातली.

बायको पोटुशी होती. ती म्हणाली, "अहो, कणगी रिकामी झाली."

"पुढच्या बाजारी दोन भरू," तो ऐटीत म्हणाला.

पुढच्या बाजारी बागेत रोग पडल्याची आवई उठली आणि भाव कोसळला. कोष्ट्यानं घाबरून सगळे वाटे मातीमोल विकले. मिळालेली मूठभर ज्वारीही वाटेत भिजली.

गावात अफवांचं पेव फुटलं. बाजार बुडाला, आता आपलं पेवही बुडणार! शेजारच्या वाडीनं तर आपलं उघडलंसुद्धा, असं कुणी सांगितलं. मग काय, जो तो पोतं घेऊन माळावर. सर्वांच्या पुढे कोष्टी, हातात कुदळ.

आत्या इरलं पांघरून पेवाच्या तोंडावरच बसली होती.

"इथली ज्वारी बाजारात गेलीच नाही, तर बुडेल कशी?" ती म्हणाली. "आत्ता उघडलंत तर पाणी शिरेल. बियाणंही ह्यातच आहे, सगळं कुजेल. एवढं सांगा, आज कुणाची चूल पेटणार नाही? त्यानं हात वर करावा."

पोती खाली आली. हात एकच वर आला, कुदळ धरलेला. कोष्टी भर गर्दीत रडला.

"मग एका घरासाठी गावाचं पेव कशाला फोडता?" असं म्हणून आत्यानं घरून पायलीभर ज्वारी मागवली. लोक ओशाळले. न्यायला आणलेली पोती घरी गेली आणि थोडी थोडी भरून कोष्ट्याच्या दारी आली.

उघडीप झाल्यावर गावातले दोघे जण बाग पाहून आले. काही झाडं रोगानं गेली होती, बरीच उभी होती. भाव मात्र पुढची दोन वर्षं वर आला नाही. ज्यांनी खाऊनपिऊन उरलेलं घातलं होतं, त्यांना थांबता आलं.

त्या साली पाऊस सरल्यावर रब्बीच्या पेरणीला पेव उघडलं तेव्हा ज्वारी कोरडी ठणठणीत होती. त्याच दिवशी वाडीची माणसं रिकामी पोती घेऊन आली. त्यांच्या ज्वारीला बुरशी लागली होती. आत्यानं मापटं कोष्ट्याच्या हाती दिलं, आणि त्यानं शिगोशीग भरून बियाणं घातलं.

इथली हकीकत ऐकून वाडीचा म्हातारा म्हणाला, "आमच्याकडे भुकेला कोण, हे कुणी विचारलंच नाही."

तात्पर्य: पोटाचं धान्य बाजारात घालू नये, आणि बाजाराच्या भीतीनं गावाचं पेव फोडू नये.