काखेतला कोंबडा

पूर्वी शाल्मली नगरात अरिदमन राजाचा अंमल चालू असताना बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या बुरुडांच्या वस्तीत जन्मला होता. टोपल्या, सुपे आणि कोंबड्या झाकायची डालगी विणून तो पोट भरी. त्याची धाकटी बहीण शोणा विधवा होऊन शेजारच्या झोपडीत राहायला आली, तेव्हा तिच्या संसारातल्या कोंबड्या तेवढ्या उरल्या होत्या. त्यांच्या अंड्यांवर ती जगत होती. भावाच्या जिवावर जेवायचे नाही, हा तिचा हट्ट होता.

एकदा मुंगसाने एक कोंबडी पिलांसकट फस्त केली. एकच पिल्लू वाचले. शोणाने ते पदरात घालून वाढवले. ते तिच्या बोटाला टोच मारी, ती बोट नाचवी, मग ते आणखी चवताळून येई आणि ती पोट धरून हसे. एकट्या बाईच्या घरात तेवढेच काय ते हसू होते. पण पिल्लाचा कोंबडा झाला आणि खेळाची लढाई झाली.

कोंबडा तसा गुणी. दाणा सापडला की स्वतः न खाता कोंबड्यांना हाका मारी. घारीची सावली पडली की असा ओरडे, की पिले क्षणात झुडपात शिरत. तो मोठा झाल्यापासून घारीला एक पिल्लू मिळाले नव्हते. पण अंगणात माणूस दिसले, की त्याच्या मानेची पिसे फुलत, एक पंख खाली सोडून तो तिरका तिरका चालत येई आणि पायामागचा काटा पोटरीत रुतवी. शोणालाही तो सोडत नसे. तिने काठी घेतली. काठी पाहून त्याला वाटले, आता कुठे सामना रंगला. मग तिने त्याला डालग्याखाली कोंडले. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही आणि त्याचा रागही थांबला नाही. डालगे उचलताच तो दुप्पट जोराने अंगावर आला.

एके दिवशी अंडी न्यायला आलेल्या गावप्रमुखाच्या म्हाताऱ्या आईला त्याने रक्तबंबाळ केले. गावप्रमुख वज्रक काठी आपटत आला आणि त्याने बजावले, की पौर्णिमेपर्यंत हा कोंबडा वठणीवर आला नाही, तर शोणाने साऱ्या कोंबड्यांसकट वस्ती सोडावी. जाता जाता त्याने एक वाटही दाखवली. राजाच्या आखाड्यात कोंबड्यांच्या पायाला पाते बांधून झुंजी लावतात. हा तिथे द्यावा, म्हणजे राजवाड्याच्या टोपल्यांचे काम बोधिसत्त्वाला मिळवून देऊ.

शोणा भावाला म्हणाली, "दादा, देऊन टाकू. माझा जाच सुटेल आणि तुझंही भलं होईल."

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "झुंजायला त्याला आपणच शिकवलं, शोणे. न झुंजायला दुसरं कोण शिकवणार?"

तो 'आपण' म्हणाला खरा, पण बोट कुणाचे नाचत होते हे शोणाला ठाऊक होते. तिला ते फार लागले.

दुसऱ्या दिवसापासून बोधिसत्त्व कोंबड्याला काखेत घेऊन वावरू लागला. पाणी भरायला तसाच, बाजारात तसाच. एका हाताने बांबू सोलणार तरी किती? काम अडले, गिऱ्हाईक तुटले. लोकांनी चेष्टा केली, की काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकला होता, काखेत कोंबडा पहिल्यांदाच पाहिला. बोधिसत्त्वही त्यांच्याबरोबर हसला. कोंबडा टोच मारी तेव्हा तो हात मागे घेत नसे आणि त्याला मारतही नसे. कोंबड्याला भांडायला कोणी उरले नाही. हळूहळू तो काखेतच डोळे मिटून डुलक्या घेऊ लागला. शोणा मात्र जवळ फिरकली नाही. तिला भीती वाटत होती आणि भीतीची लाजही वाटत होती.

पौर्णिमेला वज्रक आला. बोधिसत्त्वाने कोंबडा अंगणात सोडला. तो मुकाट्याने माती उकरू लागला. वज्रकाचे समाधान झाले नाही. त्याने कोंबड्यापुढे काठी आपटली, पुन्हा आपटली. कोंबड्याची पिसे फुलली, पंख खाली आला. वज्रकाने काठी उगारली.

तेवढ्यात शोणा मध्ये आली. काटा तिच्या पोटरीत रुतला. तिचा पाय लाथ मारायला उचलला गेला आणि तिने तो तसाच खाली टेकवला. मग वाकून तिने कोंबड्याला उचलले आणि काखेत धरले. त्याने तिच्या बोटाला टोच मारली. ते बोट या वेळी नाचले नाही. थोड्या वेळाने कोंबड्याची पिसे बसली.

"काठी खाली ठेवा, मालक," शोणा म्हणाली. "ती दिसतेय तोवर हा लढणारच."

वज्रकाने तिच्या पायावरून ओघळणारे रक्त पाहिले आणि तो काठी खाली करून निघून गेला. शोणा वस्तीतच राहिली. राजवाड्याचे काम दुसऱ्या बुरुडाला मिळाले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, एका विहारात सांगितली. तिथल्या एका तापट तरुण भिक्षूने भिक्षापात्र फेकून पिंगल नावाच्या भिक्षूचे कपाळ फोडले होते. त्याला संघातून काढावे, असे पिंगलासकट सगळे म्हणत होते. कथा संपताच साऱ्यांच्या नजरा त्या तरुणाकडे वळल्या. कोंबडा कोण, हे वेगळे सांगायला नको असे त्यांना वाटले.

शास्ता म्हणाला, "तेव्हाचा बुरूड मी होतो. आणि तो कोंबडा म्हणजे आपले देवल स्थविर."

या ज्येष्ठ भिक्षूंचा आवाज चढलेला विहारात कोणी कधी ऐकला नव्हता. ते मान खाली घालून हसले.

"आणि शोणा तू होतास, पिंगला."

पिंगलाने कपाळावरची पट्टी चाचपली. मग हा तरुण त्या कथेत कोण होता, असे कोणीतरी विचारले.

"तो त्या कथेत नव्हता," शास्ता म्हणाला. "त्याची पाळी आता आहे."

 मग पिंगल उठला आणि त्या तरुणाच्या शेजारी जाऊन बसला. रागाला रागाने उत्तर न देता सोसण्याच्या या गुणाला क्षांती म्हणतात.