मालूमावशीची शहाणी चादर

एक होती गच्ची. गच्चीवर कुंडी. कुंडीत जास्वंद. जास्वंदीला दोनच कळ्या.

गच्ची मालूमावशीची. मालूमावशी म्हणजे मीच बरं का! फार हुशार माळीण. असं मीच म्हणते, दुसरं कोणी म्हणत नाही.

एक कळी पिवळी पडली. टप्! खाली.

भुर्र भुर्र! शिंजीर पक्षी आला. अंगठ्याएवढा.

"अरेरे, माझ्या फुलाची कळी पडली! आता मध कुठला?"

पोटात भूक. गुडगुड गुडगुड.

"जास्वंदबाई, जास्वंदबाई, फूल ना! मला मध मिळेना!"

जास्वंद म्हणाली, "ऊन आल्याशिवाय मी फुलणार नाही. जा!"

भुर्र भुर्र! शिंजीर गेला उन्हाकडे.

"उन्हा रे उन्हा, ये ना! जास्वंद फुलेना, मला मध मिळेना!"

ऊन म्हणालं, "चादर सरकल्याशिवाय मी येणार नाही. जा!"

भुर्र भुर्र! शिंजीर गेला कुंडीवर ताणलेल्या चादरीकडे.

"चादरताई, चादरताई, सरक ना! ऊन येईना, जास्वंद फुलेना, मला मध मिळेना!"

चादर म्हणाली, "चिमटा सुटल्याशिवाय मी सरकणार नाही. जा!"

भुर्र भुर्र! शिंजीर गेला चिमट्याकडे.

"चिमटेदादा, चिमटेदादा, सूट ना! चादर सरकेना, ऊन येईना, जास्वंद फुलेना, मला मध मिळेना!"

चिमटा म्हणाला, "मावशी उठल्याशिवाय मी सुटणार नाही. जा!"

भुर्र भुर्र! शिंजीर आला खिडकीत. मी चहा पीत होते. फुर्र फुर्र! जास्वंदीवर रुसले होते. एवढे लाड करते, तरी मेली फुलत नाही!

"मावशी, मावशी, ऊठ ना! चिमटा सुटेना, चादर सरकेना, ऊन येईना, जास्वंद फुलेना, मला मध मिळेना!"

मी म्हणाले, "चहा संपल्याशिवाय मी उठणार नाही. जा!"

शिंजीर बसला कपावर.

"कपा रे कपा, रिकामा हो ना! मावशी उठेना, चिमटा सुटेना, चादर सरकेना, ऊन येईना, जास्वंद फुलेना, मला मध मिळेना!"

कप म्हणाला, "अरे, मी कधीचाच रिकामा आहे! विचार तिला!"

मी कपात पाहिलं. अगंबाई, खरंच की! रिकामाच कप पीत होते मी!

आणि ती चादर? तीही मीच बांधलेली. जास्वंदीला ऊन लागू नये म्हणून! जास्वंदीला ऊनच तर हवं असतं. घ्या, म्हणे हुशार माळीण!

मग काय! मावशी उठली. चिमटा सुटला, टक्! चादर सरकली, सर्र! ऊन आलं, लख्ख! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जास्वंद फुलली. लाल लाल लाल!

मी परडी घेऊन धावले. पहिलं फूल गणपतीबाप्पाला! हात पुढे केला, तर फुलात कोण? शिंजीर! चुटुक चुटुक, मध पीत होता.

मी हात मागे घेतला.

"बाप्पा, आज थोडं थांब हं. याला फार भूक लागलीय. माझ्यामुळेच."

शिंजिराचं पोट भरलं, टम्म! मालूमावशीची ऐट उतरली, फुस्स!

चादर आता पलंगावर असते.