सोमवारी काढलेला खांदा

“खरं सांगा चाचा, आम्हां सातजणांत तुम्ही बघता कुणाकडे?”

दस्तगीर तांडेल दारातल्या खुर्चीत बसले होते. बत्तीस वर्षं अग्निशमन दलात काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका मालिकेतल्या नटांना पाण्याचा जाड पाइप, म्हणजे होज, धरायला शिकवलं. मालिका आगीच्या बंबावरच्या सातजणांची होती.

शलाका त्या सातांतली एक. नाट्यशास्त्राची पदवी, विद्यापीठात पहिली. आणि मालिकेत काम काय, तर नायकाच्या मागे उभं राहायचं.

उद्या सकाळी दहाला ती निर्मात्याला सांगणार होती, की मी सोडते. त्याआधी तिला एकाच माणसाचं मत हवं होतं.

“सगळ्यांकडं बघतो,” चाचा म्हणाले.

“सगळ्यांकडे म्हणजे कुणाकडेच नाही.”

“तसं व्हय?” चाचा हसले. “तो तुमचा ड्रायव्हर बघ. सगळी आत गेली की हात पंपावर, डोळा दारावर. ओठातल्या ओठात कायतरी पुटपुटत असतो. हे मी शिकवलं नव्हतं त्याला.”

“त्याला संवाद नसतात चाचा. कंटाळून पुटपुटतो तो.”

“असू दे की. आमचापण पुटपुटायचा.”

त्यांनी बोटावर पुढचा माणूस मोजला.

“फोनवरची बाई. आगीची वर्दी लिहून घेते, फोन ठेवते, पण हात काढत नाही त्याच्यावरनं. तो जाडा पोरगा रोज शिडीला भितो आणि रोज चढतो. ती भांडकुदळ दोघं… अर्धा चहा टाकून पळतात, आणि परत आल्यावर तोच गार चहा पितात. गप. एकमेकांकडं न बघता.”

“आणि नायक?”

“चांगलाय. ओरडतो जरा.”

“आणि मी?”

चाचा टीव्हीकडे बघू लागले. टीव्ही बंद होता.

स्टुलावर काहीतरी आदळलं आणि शलाका दचकली. चाचांची सून तस्लीम चहा घेऊन आली होती. शलाकाला कप, चाचांना स्टीलचा पेला.

“अब्बांना सोमवारपासून कप बंद,” तस्लीम म्हणाली. “मालिका बघता बघता सोडला हातातनं. चादर, गालिचा, सगळा चहा. आणि ओरडले कुणाच्या नावानं, माहितीय? तुमच्या.”

“माझ्या?”

चाचांनी पेला दोन्ही हातांत धरला.

“तू खांदा काढलास,” ते म्हणाले.

“कुठे?”

“लाकडाच्या वखारीत. त्याच्या हातात होज, तू त्याच्या पाठीला खांदा लावलेली. मधीच बाजूला झालीस.”

शलाकाला आठवलं. कॅमेरा उजवीकडून येत होता. नायकाच्या आड तिचा चेहरा दिसत नव्हता. ती दोन पावलं सरकली आणि दिसला. चांगला पाच सेकंद दिसला. आईने त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

“चाचा, तिथे पाणी बागेतल्या नळाएवढं असतं हो. तो काही पडणार नव्हता.”

“तो नाही,” चाचा म्हणाले. “मी.”

त्यांनी अंगठ्याने पेल्याची कड पुसली. “दलात सिदगोंडा माझ्या पाठीला असायचा. “अकरा वर्षं. होज माणसाला मागं रेटतो, तेव्हा मागनं खांदा लागतो. पुढच्यानं वळून बघायचं नसतं. वळलं की पाणी हुकतं.”

“मग?”

“मग काय. जेवताना बघितला त्याला. पोरीच्या लग्नात रडताना बघितला. पण आगीत…”

त्यांनी चहा खाली ठेवला.

“आगीत त्याचं तोंड कसं व्हायचं, ते मला माहीत नाही. एवढा जवळ होता. विचारायचं राहिलं. गेल्या उन्हाळ्यात गेला.”

शलाकाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

सात वाजले. तस्लीमने टीव्ही लावला.

पडद्यावर कापसाचं गोदाम पेटलं होतं. ड्रायव्हरचे ओठ हलत होते. जाड्या शिडीखाली उभा राहून वर बघत होता. मग नायक आला, होज घेऊन, सगळा पडदा व्यापून.

चाचा उठले. गुडघ्यावर हात टेकत टीव्हीपर्यंत गेले आणि आपला तळहात त्यांनी नायकाच्या चेहऱ्यावर ठेवला.

बोटांच्या कडेला एक चेहरा उरला. हेल्मेटखाली, काजळी लागलेला. ओठ मिटलेले. डोळे समोरच्या मानेवर खिळलेले, जणू ती मान सोडून जगात दुसरं काही नाही.

तो आपला आहे हे कळायला शलाकाला एक क्षण लागला. त्या दिवशी धूर खरंच नाकात गेला होता. कॅमेरा कुठे आहे हे ती विसरली होती.

चाचा जवळून बघत होते. इतक्या जवळून की पडद्याचा उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीत हलत होता.

“असं होत असंल त्याचं,” ते म्हणाले. कुणालाच नाही.

जाहिरात लागली. त्यांचा तळहात साबणाच्या वडीवर तसाच राहिला.

“चाचा,” शलाका पडद्याकडे बघतच म्हणाली. “उद्या दहाला मी… मी काय करू?”

चाचांनी हात काढला.

“डावा खांदा लाव. सिदगोंडा डावखुरा होता.”