दौलतरावांचा सभात्याग

"मंग काय आइकून घ्याचं होतं का म्या? भर सभेत? सगळ्या अधिकाऱ्याईच्या समोर?"

दौलतराव खंदारे आश्रमाची पायरी चढता चढताच विचारत होते. चपला काढल्या, केशरआईंना दंडवत केला आणि मान वर करायच्या आत पुढचा प्रश्न टाकला.

"सांगा ना आई. काय कराचं होतं म्या?"

केशरआई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं, ते त्या पिळत होत्या.

दौलतराव आमच्या भागातून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेले. तरुणपणी त्यांनी केशरआईंना गुरू मानून उपदेश घेतला, म्हणून आई अजूनही त्यांना नुसतं दौलत म्हणतात आणि अरे-तुरे करतात. तसं करणारं दुसरं माणूस आता तालुक्यात सापडायचं नाही. बाकी सगळे साहेब म्हणतात, आणि साहेबांनाही ते आवडतं.

मी तिथे होतो, कारण आईंना आताशा बारीक अक्षर दिसत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी जाऊन मी त्यांना पेपर वाचून दाखवतो.

आणि खांबाला टेकून रेखा बसली होती.

रेखाला नववा महिना लागलेला. पाय सुजून टम्म झालेले. आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाईंनी तिला बजावून ठेवलं होतं, की बीपी वाढलंय, दर आठवड्याला दाखवायचं, आणि डोकं दुखायला लागलं तर त्याच दिवशी यायचं, घरी बसायचं नाही. आज पहाटेपासून तिचं डोकं ठणकत होतं. बिचारी सांगितल्याप्रमाणे मळ्यातून चालत उपकेंद्रावर आली.

दाराला कुलूप. तिथून ती आश्रमात आली.

आदल्याच दिवशी टेम्पो येऊन खाटा, कपाट, वजनकाटा सगळं घेऊन गेला होता. नर्सबाईही गेल्या. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला होता, की आमच्या तळणखेडचं उपकेंद्र अध्यक्षांच्या गावाला हलवायचं. अध्यक्षांचं गाव हमरस्त्यावर आहे. तिथे दोन खासगी दवाखाने आहेत, औषधांची दुकानं आहेत. आमच्याकडे हे एवढंच होतं. ज्यांच्या ताटात वाढलेलं आहे त्यांनाच अजून वाढायचं, याला विकास म्हणतात हे मला त्या सभेमुळे कळलं.

तिकडे जाणारी एसटी दुपारनंतर. रेखाचा नवरा तालुक्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्याचा फोन लागेना. रुग्णवाहिकेला मी फोन केला होता. येते म्हणाले, केव्हा ते सांगेनात.

म्हणून दौलतरावांची गाडी आश्रमासमोर थांबली तेव्हा मला हायसं वाटलं. मी उठून दोन पावलं पुढेही झालो.

पण आईंनीच आधी विचारलं.

"गाडी घेऊन आला?"

"हो. पन घाईत हाये. अजून तीन गावाईले पत्रिका वाटाच्या हायेत." असं म्हणून त्यांनी आईंच्या पायाशी एक छापील पत्रिका ठेवली. मग सगळ्या ओसरीला मिळून एकच नमस्कार केला. त्यात रेखाही आली, खांबही आला.

"साहेब," मी म्हणालो, "ही बाई..."

"बसा हो गुरुजी. मधात बोलू नका. आईसोबत बोलून रायलो ना मी."

मी बसलो. खरं सांगतो, तिथल्या तिथे कानशिलं तापली माझी. ज्या माणसाला आम्ही आमच्या वतीने बोलायला पाठवलं, तो आम्हालाच गप्प बसवत होता.

आईंनी फडकं रेखाच्या कपाळावर ठेवलं. पत्रिका उचलली नाही. मीच ती उचलून वाचून दाखवली. येत्या रविवारी तळणखेडच्या चौकात निषेध सभा होती. अन्यायाविरुद्ध निर्भीडपणे सभात्याग केल्याबद्दल दौलतरावांचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार होता. आणि सत्कार केशरआईंच्या हस्ते होता. आईंना न विचारताच छापून मोकळे झाले होते.

आईंनी ऐकून घेतलं.

"काय झालं सभेत?" त्यांनी विचारलं.

झालं, दौलतराव खुलले. विषय निघाला तसे ते कसे उठले, कसे बोलले, अधिकारी कसे माना खाली घालून बसले, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. बोलणं रंगात आलं आणि अध्यक्षांनी माईक बंद केला. मग दौलतरावांनी विषयपत्रिका फाडली, त्यांच्या गटाच्या सगळ्यांनी बाकं वाजवली, घोषणा दिल्या आणि सगळेच्या सगळे सभागृहाबाहेर पडले. बाहेर पायऱ्यांवर पत्रकार होते. फोटो निघाले. तो फोटो चार दिवसांपूर्वीच्या पेपरात आलाच होता. मुठी वळलेल्या, तोंडं उघडी, आणि मधोमध दौलतराव.

"अध्यक्ष काय म्हनाले तुले?"

"खाली बसा म्हनाले. असं बोट दाखवून. म्या काय कोनाच्या घरचा गडी हाये?"

"अजून काय म्हनाले?"

"अजून काय पायजे, आई?"

"बाहीर जा म्हनाले?"

दौलतरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"म्हनाले का?"

"नाही."

"मंग बसला काहून नाही?"

दौलतरावांनी आईंकडे असं पाहिलं, जसं त्यांना नीट ऐकू आलं नसावं. मग ते हसले. म्हाताऱ्या माणसाला राजकारण कळत नाही म्हणून आपण हसतो, तसं हसले.

रेखाने डोळे मिटून घेतले होते. तिचा एक हात पोटावर होता. दुसऱ्या हाताने तिने खांब धरला होता.

मला आता आईंचाही राग यायला लागला. गाडी दारात उभी, बाई ओसरीवर, आणि ह्या विचारतायत सभेत काय झालं. सांगून टाका ना सरळ, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण आईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी पुन्हा गप्प बसलो. त्या दिवशी मला जो तो गप्प बसवत होता.

दौलतराव समजावू लागले. सभात्याग म्हणजे साधी गोष्ट नाही. त्याला छाती लागते. सगळ्या जिल्ह्यात चर्चा आहे. वरून फोन आले. पुढच्या निवडणुकीत...

"अन् त्याईची काय ताकत होती, आई," ते म्हणाले. "त्याईचे निम्मे लोक त लग्नाले गेलते. समोरच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या. आमी घोषणा देल्या त अध्यक्षाचा आवाज बी आइकू येईना."

आईंचा हात थांबला.

"तुमचे जास्त होते?"

"होते ना. पुष्कळ जास्त. हात वर करा म्हनले असते त..."

दौलतराव थांबले.

दाखवायला वर उचललेला हात तसाच वर राहिला.

मी शपथेवर सांगतो, तोवर ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. सभा झाली, फोटो निघाले, पत्रिका छापून झाल्या, टेम्पो येऊन खाटा घेऊन गेला, आणि आपल्याकडे हात जास्त होते हे ह्या गृहस्थाला आश्रमाच्या ओसरीवर बसून कळत होतं. नुसतं खुर्चीवर बसून हात वर करायचा होता. अध्यक्षांनी तर बसा म्हणून सांगितलंही होतं.

"गुरुजी," आई म्हणाल्या, "ते बातमी वाचा बरं. शेवटची ओळ."

तो पेपर ओसरीवरच होता. मी ती आधी एकदा वाचली होती. पुन्हा वाचली, आणि या वेळी जरा मोठ्याने वाचली.

"विरोधी सदस्यांच्या सभात्यागानंतर उपकेंद्राच्या स्थलांतराचा ठराव एकमताने मंजूर करण्यात आला."

"हे लबाडी हाये," दौलतराव एकदम म्हणाले. "एकमतानं कसं? आमचा विरोध होता. सगळ्या जिल्ह्याले मालूम हाये."

"लबाडी कायची? आत होते त्याईचं एकच मत होतं."

दौलतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. आता कपाळावर शीर दिसायला लागली. ते बोलत राहिले, पण आईंकडे न बघता. आपण कोर्टात जाऊ. मंत्र्यांकडे जाऊ. उपोषणाला बसू. रविवारच्या सभेला हजार माणूस जमवू. गरिबांवर अन्याय झालाय आणि तो आपण सहन करणार नाही. गरीब हा शब्द त्यांनी बऱ्याच वेळा वापरला. गरीब त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती आणि तिच्या ओठांना कोरड पडली होती. इतका वेळ झाला, त्यांनी तिचं नावही विचारलं नव्हतं. माझ्या मनात आलं, की उठावं आणि त्यांची मान धरून तिच्याकडे वळवावी.

मी फक्त पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. ती दोन घोट प्याली.

"मी लोकायसाठीच निंघालो ना, आई. माह्या घरासाठी नाही निंघालो."

"लोकं आले तुया मागं?"

"ते कसे येतीन? ते त गावात..."

"म्हनजे ते आतच रायले."

"आतच म्हनजे?"

आईंनी फडकं पुन्हा भिजवलं, पिळलं, रेखाच्या कपाळावर ठेवलं. रेखा काहीतरी पुटपुटली. डोळ्यापुढे काजवे चमकतायत, असं म्हणाली. ते मला ऐकू आलं. आईंना ऐकू आलं.

नर्सबाईंनी हेही सांगून ठेवलं होतं. डोळ्यापुढे चमकायला लागलं, की एक घटकाही थांबायचं नाही.

मी उठलो. "साहेब, आता पुरे झालं," म्हणालो. माझा आवाज चढला होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पण दौलतराव माझ्याआधीच उठले होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी कशासाठी उठलो, हे त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. त्यांना वाटलं, मीही त्यांना सुनवायला उठलोय.

"बस झालं, आई," ते म्हणाले. "तिकडं ते तसे बोलले, इथं तुमी असं बोलता. आशीर्वाद घ्याले आलतो. अपमान करून घ्याले नाही आलो. सत्काराले याचं नसन त नका येऊ. दुसरं कोनी पाहून घेईन. मी निंघतो."

ते पायरी उतरले. चपलांत पाय घालताना एक चप्पल उलटी पडली, ती त्यांनी पायानेच सरळ केली. मागे वळून पाहिलं नाही. सभागृहातूनही असेच निघाले असतील.

मी आईंकडे पाहिलं. वाटलं, आता त्या हाक मारतील, रागावतील, निदान काहीतरी म्हणतील.

आई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, हळू, नेहमी उठतात तशा. रेखाच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. तिची कापडी पिशवी खांद्याला अडकवली. मी दुसऱ्या बाजूने धरायला गेलो, तर त्यांनी मानेनेच गाडीकडे दाखवलं. मी पुढे धावलो आणि गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवर शालींचा गठ्ठा आणि नारळांचं पोतं होतं. मी ते दोन्ही उचलून रस्त्याच्या कडेला ठेवलं. चालक माझ्याकडे बघतच राहिला.

दौलतराव पुढच्या दाराशी पोचले होते. दाराला हात लावला आणि ते थबकले.

केशरआई रेखाला धरून एकेक पायरी उतरत होत्या. आईंच्या पायांत चपला नव्हत्या, आणि अंगणातली फरशी तापली होती. रेखा मध्येच थांबली, तशा त्याही थांबल्या. मग पुन्हा चालू लागल्या.

दौलतरावांनी पहिल्यांदा रेखाकडे पाहिलं. तिच्या पायांकडे पाहिलं. मग उघड्या दाराकडे, आणि मग आईंकडे. दाराला लावलेला हात त्यांनी खाली घेतला.

आई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. रेखाचा हात त्यांनी दौलतरावांच्या हातात दिला.

"निंघ, दौलत," त्या म्हणाल्या. "पन या खेपेले एकला निंघू नको."