तरंगत्या धक्क्यावरचं पहिलं पाऊल

“आणि माझ्या अनुग्रहाचं काय, महाराज?”

सोनगीर महाराज मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तो धक्का तरंगू दे. मग देईन.”

“शब्द?”

“शेंगा खा.”

मुरारीने शेंगा खाल्ल्या नाहीत. गुरुमंत्रासाठी तो कित्येक वर्षं मठाचे उंबरठे झिजवत होता, आणि महाराज दर वेळी हसून विषय बदलत. आज पहिल्यांदा अट घातली होती. साखर कारखान्यात हयात घालवलेला फिटर तो. अट म्हटली की त्याला हुरूप येई.

मठाच्या खाली धरणाच्या फुगवट्याचं पाणी. ते वर्षभर चढतं-उतरतं, त्यामुळे घाट बांधावा तर उन्हाळ्यात तो पाण्यापासून दूर कोरडाठाक उभा. पलीकडच्या गावांतली माणसं होडीने येत आणि गुडघाभर चिखलात उतरत. म्हणून पुण्याच्या एका भक्ताने पाण्यावर तरंगणारा लाकडी धक्का पाठवला होता, पण सुटा. भोकं पाडलेल्या फळ्या, निळी पिंपं, नटबोल्टांची गोणी आणि जोडणीची चित्रं छापलेला कागद.

पहिल्याच चित्रात चार माणसं चौकट उचलत होती.

“चार मानसं दावल्यात की,” सुभाना होडीवाला म्हणाला. “आमी येतो हाताखाली.”

“ती शहरातली चार असतील. इथे एक पुरे.”

“अवो, पन…”

“सुभाना, ही माझी साधना आहे. तिला दुसऱ्याचा हात लागता कामा नये.”

साधनेपुढे सुभाना काय बोलणार? तो होडीत जाऊन बिडी ओढत बसला.

मुरारीने कंबर कसली. फळ्या एकट्याने वाहिल्या, चौकट एकट्याने जुळवली, पिंपं बांधायला छातीभर पाण्यात उतरला. एकदा चौकट पायावर पडली आणि अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. त्याने चिंधी गुंडाळली आणि पाना पुन्हा हातात घेतला. लोक काठावरून बघत, हळहळत आणि चिखल तुडवत घरी जात. माणूस हट्टी खरा, पण कामचुकार नव्हे. एकेक बोल्ट आवळला की स्वतःशीच खूश होऊन त्यावर बोट वाजवून बघे.

घोडं अडलं ते खुंट्यांशी. धक्का जागचा हलू नये म्हणून दोन खुंटे ठोकायचे होते, एक काठाशी आणि एक आत पाण्यात. काठाशी ठोकलेला नीट बसला. आतला मात्र एकाने धरायचा आणि दुसऱ्याने घण घालायचा, अशातला. मुरारीने तो पायांत धरून पाहिला, काखेत धरून पाहिला. प्रत्येक घावाला खुंटा आडवा.

“राहू दे,” त्याने ठरवलं. “महाराजांचं वजन ते किती! त्यांचं पाऊल एकदा पडलं की झालं.”

आतल्या खुंट्याला बांधायचा, कोपऱ्यावरचा दोर त्याने तसाच मोकळा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, चारी बाजूंनी झेंडूची माळ बांधली. महाराजांना निरोप गेला. तेवढ्यात सुभानाची होडी येऊन लागली. होडीत पुढेच पलीकडच्या गावची तानाबाई, कडेवर नातू.

“थांब मावशी, पाय ठेवू नकोस! नव्या धक्क्यावर पहिलं पाऊल महाराजांचं. आलेच ते.”

“आरं, लेकरू तापानं फणफणलंय. दवाखान्यात न्यायचंय.”

“पाचच मिनिटं.”

तानाबाईने एकदा माळेकडे पाहिलं, एकदा नातवाकडे. मग लुगडं खोचलं आणि नेहमीसारखी चिखलात उतरली.

महाराज उतारावरून येतच होते. मुरारी हात जोडून माळेपाशी उभा राहिला.

महाराजांनी खडावा काठावर काढल्या. धक्क्याला वळसा घातला. छाटी वर खोचली आणि सरळ चिखलात शिरले. नातवाला एका हातावर घेतलं, दुसरा हात तानाबाईला दिला, आणि रुतत, पाय ओढत तिला काठावर आणलं. ती लेकराला घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागलीसुद्धा.

“महाराज… हे सगळं तुमच्यासाठी…”

महाराज पोटऱ्यांवरचा चिखल निपटत राहिले.

“तरंगतोय, महाराज. तुम्हीच म्हणाला होतात…”

“रिकामं पिंपही तरंगतं रे, मुरारी.”

समोर चिखलात तानाबाईची एक चप्पल रुतून राहिली होती. मुरारीला लाज वाटली. वरवरची नाही, पार पोटातून.

त्याने माळ तोडली.

“या,” तो होडीतल्या लोकांना म्हणाला. “या, उतरा. सगळे उतरा.”

पहिलं पाऊल एका शेळीने ठेवलं. मागून दुधाच्या किटल्या आल्या, पोती आली, बायाबापड्या आल्या. धक्का चार बोटं दबला… आणि मोकळा कोपरा सर्रकन आत सरकला. धक्का तिरपा फिरला. फळ्या आणि काठ यांच्यात फट पडली. बायका ओरडल्या.

मुरारीने उडी घेतली. छातीभर पाण्यात, गाळात पाय रोवून त्याने तो दोर कमरेला गुंडाळला आणि मागे रेलला. धक्का थांबला. दोर कमरेत रुतत होता.

“सावकाश उतरा… सावकाश… सुभाना! अरे, ये रे बाबा! घण आण. खुंटा धरायला माणूस आण. मला एकट्याला नाही व्हायचं!”

सुभानाने बिडी फेकली आणि धावत सुटला.

माणसं एकेक करून काठावर गेली. मुरारीने दोर ढिला पडू दिला नाही. अनुग्रह आता त्याच्या मनातही नव्हता. धक्का रिकामा झाल्यावर महाराज त्यावर चढले, फळ्यांवरून चालत त्याच्या कोपऱ्यापर्यंत आले, गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या कानाशी वाकले.

गुरुमंत्र कानातच देतात, हे लहान पोरालाही ठाऊक. काठावर कुणी टोपी काढली, कुणी हात जोडले. मुरारीने डोळे मिटून घेतले…

महाराज हळूच म्हणाले, “दोर सोडू नकोस. पलीकडून दुसरी होडी सुटलीय.”